दुबईत व्हॉट्सअ‍ॅपवरून फोन का लागत नाही?

प्रश्न : मुलगा नोकरीसाठी दुबईला गेला आहे. त्याचे मेसेज, फोटो लगेच येतात, पण व्हॉट्सअ‍ॅपवर फोन लावला की बोलणं होत नाही. नेट मंद असणार म्हणून तो महागडा प्लॅन घ्यायला निघाला आहे. मित्र ‘व्हीपीएन टाक’ म्हणतात. काय करावं?
– एक आई, मोरा, उरण

उत्तर : ताई, काळजी करू नका, महागडा प्लॅनही घेऊ देऊ नका. नेट मंद नाही. संयुक्त अरब अमिरातीतलं इंटरनेट जगातल्या वेगवान सेवांपैकी आहे. तिथे इंटरनेटवरून बोलण्यासाठी ठरावीक अ‍ॅपनाच परवानगी आहे आणि व्हॉट्सअ‍ॅप कॉल त्यात बसत नाहीत. बोटिम, झूम, मायक्रोसॉफ्ट टीम्स चालतात. यांपैकी एक तुमच्याही फोनमध्ये घ्या. एखाद्या अ‍ॅपसाठी वेगळं कॉलिंग पॅक लागतं का, हे मुलाने तिथल्या मोबाइल कंपनीला आधी विचारावं.

व्हीपीएनचा सल्ला मात्र मुळीच ऐकू नका. व्हीपीएन म्हणजे नेटवर आपलं ठिकाण लपवणारं अ‍ॅप; बंदी चुकवण्यासाठी ते वापरणं तिथे गुन्हा ठरू शकतं. कायद्यात दंडच 5 लाख ते 20 लाख दिरहम सांगितला आहे. नोकरी आणि व्हिसा दोन्ही धोक्यात येतील.

रोजच्या वापराला ई अँड (e&, पूर्वीची एतिसलात) किंवा डू या तिथल्या मोबाइल कंपनीचं स्थानिक सिम घ्यावं. खोलीच्या भाड्यात वायफाय आहे का, तेही विचारावं. नसेल तर सोबत्यांनी मिळून घेतलेलं स्वस्त पडतं. भारतातलं सिम बंद करू नका, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. त्याचं डेटा रोमिंग तेवढं बंद ठेवायला सांगा आणि रिचार्जची मुदत तुम्ही इथून सांभाळा.