जुना प्रोजेक्टर, नवा लॅपटॉप

प्रश्न : वाचनालयाच्या जुन्या प्रोजेक्टरला व्हीजीए आणि पिवळे व्हिडिओ सॉकेट आहे, लॅपटॉपला केवळ एचडीएमआय. मधली साधी केबल आणली, पण पडदा कोराच! प्रोजेक्टर मोडीत काढावा काय?
– एक कार्यवाह, वाई

उत्तर : कार्यवाह महाशय, मोडीची घाई नको. एचडीएमआयमधून अंकीय संकेत निघतो आणि १९८७ साली अवतरलेल्या व्हीजीएला सलग चढउतारांचा संकेत लागतो, सबब निव्वळ तारेने हे काम होणे नाही; त्यास ‘एचडीएमआय ते व्हीजीए’ कन्व्हर्टरच हवा. उलट दिशेचा कन्व्हर्टर दिसायला तसाच असतो आणि दुकानदार तो बिनदिक्कत गळ्यात मारतात, तेव्हा खातरजमा करावी. व्हीजीएतून आवाज मुळीच जात नसल्याने ध्वनीचे निराळे सॉकेट असलेला घेणे इष्ट. जोडल्यावर विंडोज आणि पी या कळा एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडावे. राहिले पिवळे सॉकेट; डीव्हीडी प्लेअर जोडायचा झाल्यास त्याची पिवळी पिन थेट प्रोजेक्टरच्या त्या सॉकेटला लावावी, आवाजाची तांबडी-पांढरी ॲम्प्लिफायरला.