पाहुणचार : अरबांचा आणि आपला



ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील कितीतरी घरांतील माणसे आखाती देशांत नोकरीला आहेत. तेथे अरब घरी पाहुण्याला आधी खजूर व वेलदोडा घातलेला बिनसाखरेचा कहवा देतात. पेला उजव्या हाताने घ्यायचा. रिकामा झाला की यजमान पुन्हा भरतो. पेला हलवला म्हणजे 'पुरे'.

वाळवंटात वाटसरूला पाणी नाकारणे म्हणजे त्याचा जीव घेणे. म्हणूनच आब्राहाम तीन अनोळखी माणसांकडे धावत गेला, पाय धुवायला पाणी दिले, भाकरी व वासराचे मांस वाढले (उत्पत्ती १८:१-८). त्याने नाव-गाव विचारले नाही.

आपण मात्र इमारतीत नवे कुटुंब आले, की 'कोणत्या धर्माचे?' असे आधी विचारतो. या आठवड्यात अशा एका शेजाऱ्याला चहाला बोलवू या.