सोमवारची रजा टाकूनच ये

अगं, तुझा बेत वाचला आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. रविवारी पहाटे तीनला तुम्ही चौघी पुण्याहून गाडी काढणार, साडेबाराच्या मुहूर्ताला अंबडला तुझ्या मैत्रिणीच्या लग्नाच्या मांडवात पोचणार, अक्षता टाकून, जेवून, फोटो काढून चारला उलट फिरणार. रात्री अकराच्या आत घर गाठायचं, कारण सोमवारी सगळ्यांनाच ऑफिस. वर मला विचारतेस, ताई, वाटेत बघण्यासारखं काय आहे? पुष्कळ आहे, सांगतेही. पण आधी माझं एक ऐक. शनिवारी सकाळी निघा, दोन रात्री इथं राहा आणि सोमवारची रजा टाका. बाकी काही ऐकलं नाहीस तरी चालेल.

पुण्याहून अंबडपर्यंत तीनशे किलोमीटरच्या आसपास रस्ता आहे. जाऊन-येऊन सहाशे, तेही वैशाखाच्या उन्हात, एका दिवसात, मध्ये लग्नाचं जेवण आणि आदल्या रात्रीची अपुरी झोप. दुपारी पोटभर जेवून स्टेअरिंगवर बसलेल्या माणसाचे डोळे अहिल्यानगरच्या अलीकडेच जड व्हायला लागतात. तुमच्यापैकी गाडी चालवता येणाऱ्या दोघीच. बाकीच्या तिघी झोपल्या की चालवणारी एकटी पडते. मला तुमची काळजी वाटते ती यासाठी.

मुंबईहून येणाऱ्या मैत्रिणींनाही हेच सांग. त्या समृद्धी महामार्गाने येतील. 701 किलोमीटरचा तो रस्ता जून 2025 पासून मुंबईच्या बाजूपर्यंत पूर्ण खुला झालाय आणि आपल्या जालना जिल्ह्यातूनच जातो. मोटारींना ताशी 120 ची मर्यादा आहे, रस्ता सरळसोट, समोरून वाहन येण्याचा प्रश्न नाही. पण सरळ रस्त्यावरच माणूस उघड्या डोळ्यांनी पेंगतो. नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस 1 जुलै 2023 ला मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ उलटली, पेटली आणि 25 जण गेले. सिंदखेडराजा जालन्याला लागूनच आहे. ती बातमी आली त्या सकाळी इथल्या घराघरातून माणसं आपापल्या पोरांना फोन लावत होती. म्हणून त्यांना म्हणावं, दिवसाउजेडी या, चढण्याआधी टायर आणि हवा तपासून घ्या, दर दीड-दोन तासांनी उतरा, आणि थांबायचं झालं तर ठरलेल्या जागीच. रस्त्याच्या कडेला गाडी लावून फोटो काढायचा मोह अजिबात नको.

आता तुमचा रस्ता. शनिवारी सहाला निघालात तर शिरूर, सुपा, अहिल्यानगर ऊन चढायच्या आत पार होईल. नेवासा फाट्याच्या पुढं प्रवरासंगम लागतं. तिथं प्रवरा गोदावरीला मिळते. पूल ओलांडला की कायगाव टोका, म्हणजे मराठवाड्यात आलात. छत्रपती संभाजीनगरच्या गर्दीत शिरू नका. बीड बायपासने झाल्टा फाट्यावर या आणि धुळे-सोलापूर महामार्ग धरा. आडूळ, मग पाचोड. पाचोडला महामार्ग सोडून अंबडकडे वळायचं. फोनमधला नकाशा जवळचा म्हणून एखादा पांदीचा रस्ता दाखवेल, तो घेऊ नका, मला फोन करा.

पाचोडपासून पुढं दोन्ही हातांना मोसंबीच्या बागा दिसतील. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. बागा बघून छान वाटेल, पण त्यांच्यामागचं गणितही माहीत असू दे. 2012-13 च्या दुष्काळात या भागातल्या कितीतरी बागा उभ्या वाळल्या. लोकांनी टँकर विकत घेऊन झाडं जगवायचा प्रयत्न केला आणि शेवटी कुऱ्हाड लावली. तुझ्या मैत्रिणीचं माहेर त्यातलंच आहे. म्हणून लग्नघरी पोचलीस की पाणी जपून वापर. मे महिन्यात दारातल्या मांडवाला पाण्याचा टँकर सांगावा लागतो. अंघोळीला एक बादली मिळेल, ती पुरवायची. पिण्याच्या बाटल्या आपल्याआपण भरून आणायच्या, ओआरएसची पाकिटं बरोबर ठेवायची. बाथरूम कुठंय, एसी आहे का, असं तिच्या आईला विचारत बसू नका. त्या बाईच्या डोक्यावर त्या दिवशी सगळं गाव असतं.

आणि उतरल्या उतरल्या पदर खोचा. पाहुणी म्हणून खुर्चीवर बसलीस तर तुला सरबत मिळेल, मान मिळेल, पण मैत्रीण मिळायची नाही. तिच्याभोवती आत्या, माम्या, चुलत्या यांचा गराडा असतो आणि कामाच्या निमित्तानेच त्यात शिरता येतं. आहेराच्या साड्यांच्या घड्या घाल, रुखवत मांडायला लाग, लहान पोरांना खाऊ घाल.

शनिवारी दुपारी बहुतेक कासार येईल. ती वेळ चुकवू नकोस, मी तुला शनिवारीच बोलावते आहे ते यासाठीसुद्धा. ओसरीत चटई टाकतात, कासार पेटारा उघडतो, हिरव्या बांगड्यांच्या माळा बाहेर निघतात. आधी नवरीचा चुडा भरायचा. तो तिचा हात हातात घेतो, अंगठ्याच्या मुळाशी दाबून तळवा चिंचोळा करतो आणि एकेक बांगडी हळूच मनगटावर सरकवतो. एखादी तडकली की ती बाजूला ठेवून दुसरी घेतो, बोलत काही नाही. दोन्ही हात भरेपर्यंत तिला हलता येत नाही, फोन धरता येत नाही, उठून कामाला जाता येत नाही. लग्नघरात नवरीला सापडणारी निवांत अशी तेवढीच वेळ. तू तिच्या शेजारी बस. मग तुलाही बांगड्या भरायला सांगतील, नाही म्हणू नकोस. हात भरलेल्या बायका उठून गेल्या की तिला विचार, बरं वाटतंय ना गं तुला? झोप झाली का? काही राहिलंय का सांगायचं? ती हसून टाळेल किंवा डोळे भरतील. काहीही झालं तरी सल्ला द्यायला जाऊ नकोस, नुसतं ऐकून घे. नोकरी पुढं चालू ठेवायची आहे का, पगार कुणाच्या खात्यात जाणार, असं काही तिच्या मनात खुपत असेल तर ते मुहूर्ताच्या गडबडीत कुणी ऐकत नाही. त्या चटईवर ऐकणारी तू असशील.

संध्याकाळी हळद. डीजे लागेल, नाचायला ओढतील, मनसोक्त नाच. पण रविवारी गाडी चालवायची नाही म्हणूनच ते मनसोक्त होईल, हे लक्षात घे. रील टाकायची झाली तर आधी तिला विचार. हळदीच्या अंगाने, विस्कटलेल्या केसांनी काढलेला फोटो सासरच्या गावात तिच्या आधी पोचावा, असं तिला वाटत असेलच असं नाही.

ज्या मैत्रिणी गाडी भाड्याने करून येणार आहेत त्यांना आणखी एक सांग. मांडवात सगळ्यांची विचारपूस होते, ड्रायव्हरदादांची होत नाही. वऱ्हाडाच्या क्रूझर झाडाखाली उभ्या असतात, पंगती उठत राहतात आणि त्यांना बोलावणं येतं ते शेवटच्या पंगतीला. रात्री ते सीटवरच पाय आखडून पडतात आणि पहाटेपर्यंत डीजे वाजत असतो. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाच्या भरवशावर आपण दहा-बारा जीव गाडीत बसवतो. तेव्हा दादांना पहिल्या पंगतीला बसवायचं, आवाजापासून लांब, पंखा असलेल्या जागी त्यांची झोपायची सोय करायची. घरच्या मोठ्यांना सांगितलं तर लगेच करतात, फक्त कुणीतरी सांगावं लागतं.

रविवारचा मुहूर्त साडेबाराचा असला तरी पाच-पन्नास मिनिटं पुढं धर. रेशमी साडी मुहूर्तापुरती नेस, त्याआधी आणि नंतर सुती. एका पिशवीत सेफ्टी पिना, रुमाल, पाण्याची बाटली, ग्लुकोजचे पुडे, डोकेदुखीची गोळी ठेव आणि ती पिशवी घेऊन तिच्या मागंच उभी राहा. नवरीला सकाळपासून कुणी खायला दिलेलं नसतं. आहेराच्या टेबलावर पाकिटावर नाव लिहून घेतात, ते पैसे लग्नाच्या खर्चात जातात आणि ते योग्यच आहे, त्यात आपलं असू दे. पण तुम्ही चौघींनी तिच्यासाठी म्हणून जी रक्कम काढली आहे ती तिच्या स्वतःच्या खात्यात टाका, आणि टाकल्याचं तिला एकटीलाच सांगा.

मंगलाष्टकं सुरू झाली की शेवटी 'सावधान' येतं, ते ऐकताना या भागातल्या कुणालाही समर्थ रामदास आठवतात. त्यांचा जन्म 1608 चा, आमच्याच जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात, जांब गावी. म्हणूनच गावाला आता जांब समर्थ म्हणतात. बारा वर्षांचा नारायण ठोसर अंतरपाटापाशी 'सावधान' ऐकून मांडवातून पळाला ही कथा आपण शाळेपासून ऐकत आलो. पळालेल्या मुलाचं पुढं काय झालं ते सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. अंतरपाटाच्या पलीकडं उभी होती ती मुलगी मात्र कुणाच्या सांगण्यात फारशी येत नाही. मला लग्नाला गेले की तीच आठवते. तिच्या बाजूने मांडवात कोण होतं, त्या संध्याकाळी तिच्याजवळ कोण बसलं? मांडवात शंभर नजरा नवरीच्या दागिन्यांवर, साडीवर असतात. तिच्या चेहऱ्याकडं बघणारं एखादं माणूस तिथं असावं. मैत्रिणीने लग्नाला जायचं ते यासाठी.

आणि आता सोमवारच्या रजेचं खरं कारण सांगते. पाठवणी चार-पाचला होते. गाडी गेली की मांडव झपाट्याने रिकामा होतो. पुण्या-मुंबईचे पाहुणे निघतात, भाऊबंद आपापल्या वस्तीवर जातात, डेकोरेशनवाला खुर्च्या मोजायला लागतो. तिची आई तेवढ्या वेळात पहिल्यांदा खाली बसते. सकाळपासून तिने बहुधा घोटभर चहाही घेतलेला नसतो, आणि आता तिला जेव म्हणणारी मुलगीच घरात नसते. त्या वेळी तू तिथं अस. काकूंना ताट वाढून दे, शेजारी बस, पातेली आवरायला हात लाव. तिच्या बाबांना अंधार पडल्यावर शेताकडं चक्कर मारायची असेल, त्यांच्यासोबत जा. रात्री सासरहून तिचा फोन येईल तेव्हा आई दोन शब्दांवर रडेल आणि फोन तुझ्या हातात देईल. काकू जेवल्या, एवढं तू तिला सांगितलंस तर ती तिकडं सुखाने झोपेल. अक्षता टाकायला पाचशे माणसं असतात गं. हे करायला कुणी नसतं.

मग सोमवारी सकाळी उठून चहा घेऊन निघा आणि आता बघण्यासारखं काय ते सांगते. अंबड गावातच टेकडीवर मत्स्योदरी देवीचं देऊळ आहे. टेकडीचा आकार माशासारखा म्हणून देवीचं नाव तसं. उन्हाच्या आत पायऱ्या चढा, वरून सगळं अंबड दिसतं. जांबला जायचं तर ते उलट्या दिशेला आहे, पुढच्या खेपेला ठेवा. राजूरचा गणपतीही लांब पडतो, तोही राहू दे. परतीच्या वाटेवर नेवासा फाट्याहून आत वळून नेवाशाला मात्र जा. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी 1290 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली असं मानतात, तो पैसाचा खांब तिथल्या मंदिरात आहे. तिथं घटकाभर बसा, आळीपाळीने गाडी चालवा, दिवे लागायच्या आत पुणं गाठा.

रजा मिळत नाही असं मला सांगू नकोस. गोव्याला जाताना तुम्हाला ती मिळते. आजच साहेबांना मेल टाक, बाकी तिघींनाही टाकायला लाव, आणि शनिवारी दुपारी किती जणी जेवायला आहात ते मला कळव. लग्नघरी आधीच गर्दी आहे, तुमचं पहिलं जेवण माझ्याकडं. ज्वारीची भाकरी, ठेचा आणि झुणका करते. जेवलात की मी स्वतः तुम्हाला तिच्या मांडवात सोडून येते.