सर्पदंश

जव्हार व मोखाडा हे पालघर जिल्ह्यातील डोंगराळ तालुके होत. पाऊस लागला की येथील वारली, कोकणा, कातकरी, महादेव कोळी इत्यादी लोक भाताच्या व नागलीच्या लावणीस लागतात. उघड्या पायांनी, ओणवे होऊन दिवसभर हे काम चालते. घरे कुडाची, निजणे बहुधा जमिनीवरच. बिळांत पाणी शिरले म्हणजे उंदीर घराचा आश्रय घेतात आणि त्यांच्यामागून साप येतो.

नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे आपल्याकडील चार प्रमुख विषारी साप. नागाच्या विषाने पापण्या मिटू लागतात, जीभ जड होते, गिळता येत नाही व अखेर श्वास कोंडतो. घोणस व फुरसे यांच्या विषाने रक्त गोठेनासे होते. हिरड्यांतून व लघवीवाटे रक्त जाते. घोणस चावल्यास मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात. सर्वांत फसवा तो मण्यार. तो रात्री निजलेल्या माणसास चावतो. वेदना जवळजवळ नसते, दातांच्या खुणाही सहसा दिसत नाहीत. पहाटे पोटात दुखू लागते, आणि घरच्यांस वाटते, काही बाधले असेल.

अशा वेळी पुष्कळदा आधी भगतास बोलावतात. भगताच्या मंत्राने बरे झालेले रोगी लोकांनी डोळ्यांनी पाहिलेले असतात, आणि ते पाहणे खोटे नसते. बहुतेक साप बिनविषारी असतात. शिवाय विषारी साप प्रत्येक दंशात विष सोडतोच असे नाही. तो रोगी मंत्रावाचूनही बरा झाला असता. परंतु ज्याच्या अंगात विष भिनले आहे, त्याचे मोलाचे तास अंगणातच निघून जातात. काही पाड्यांना तर धड रस्ताही नाही. तेथून रोग्यास डोलीत घालून आणावे लागते.

दंशाची जागा कापू नये, चोखू नये, करकचून आवळू नये. तो अवयव हलू न देता रोग्यास जव्हार किंवा मोखाडा येथील सरकारी रुग्णालयात न्यावे. तेथे डॉक्टर थोडे रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत 20 मिनिटे न हलवता ठेवतात. ते गोठले नाही, तर विषाने रक्त बिघडले असे समजतात. मग शिरेतून सर्पविषावरची लस देतात. घोड्यास विष अल्प मात्रेने टोचून त्याच्या रक्तापासून ही लस होते. 1899 साली मुंबईत परळ येथे प्लेगच्या संशोधनासाठी सुरू झालेल्या व पुढे हाफकिन या नावाने प्रसिद्ध झालेल्या संस्थेने हे काम अनेक दशके केले. लहान मुलासही मोठ्या माणसाइतकीच लस लागते. साप काही लहान मूल पाहून विष कमी सोडत नाही. लस कोणास सोसली नाही, तर त्यावरचे इंजेक्शन जवळ तयार असते.

मण्यारीचे विष एकदा मज्जातंतूंवर बसले, की लसीनेही लगेच उतरत नाही. अशा रोग्यास यंत्राने श्वास द्यावा लागतो, व तशी सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात वेळीच हलवावे लागते. काही दिवस तो निपचित पडून असतो. पण बहुधा त्याला सर्व ऐकू येत असते. मग एके दिवशी पापणी किंचित हलते, बोटे हलतात, आणि तो आपला श्वास आपण घेऊ लागतो.