दावीद होण्याआधी

चि. अमोल यास,



दावीद आणि गल्याथावरचा तुझा उपदेश वाचला. मेहनत दिसते. पण पाच गोट्यांना विश्वास, प्रार्थना, धैर्य अशी नावं देऊन शेवटी ‘तुम्हीही दावीद व्हा’ म्हणालास, ते मला पटलं नाही. एला खोऱ्यात आपली जागा दावीदाची नाही, चाळीस दिवस भीतीनं गारठलेल्या इस्राएली सैन्याच्या रांगेतली आहे. घरच्यांनीही न मोजलेला बेथलेहेमचा अभिषिक्त एकटा लढला आणि विजय साऱ्यांचा झाला. सैनिक आरोळी ठोकून धावले ते त्यानंतर. इथून ख्रिस्तापर्यंत जायला ओढाताण करावी लागत नाही.

दुसरा मोहही सांभाळ. जुन्या करारात लाकूड दिसलं की वधस्तंभ, राहाबेची किरमिजी दोरी दिसली की रक्त, असं करू नकोस. ऐकणारे चकित होतात, पण त्यांच्या हाती शास्त्र लागत नाही. उतारा आधी त्याच्या काळात, त्याच्या माणसांत ऐकून घे.

गणना 21 उघड. लोक वाटेला कंटाळून कुरकुरतात, मान्ना नको म्हणतात. आग्या साप चावतात, माणसं मरतात. मग ते मोशेला विनवतात, साप घालवून टाकावेत म्हणून देवाकडे प्रार्थना कर. देवानं साप घालवल्याचं तिथे लिहिलेलं नाही, हे नीट बघ. त्यानं पितळेचा साप करून खांबावर टांगायला सांगितला. चावलेल्यानं तिकडे नुसतं पाहायचं आणि जगायचं. ज्यानं मरण आणलं त्याचंच रूप उंचावर! हा प्रसंग प्रभूनंच रात्री आलेल्या निकदेमाशी बोलताना स्वतःला लावला, आणि ख्रिस्त आपल्यासाठी शाप झाला असं पौल गलतीकरांना लिहितो. पुढे त्याच सापापुढे लोक धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजानं तो फोडून टाकला. तेही ऐकणाऱ्यांना सांग. खुणेलाच धरून बसणारे आजही कमी नाहीत.

आता बाकांवर बसलेल्यांचा विचार कर. दारूपायी घर मोडलेला भाऊ तिथे असतो, पोराच्या आजारपणात प्रार्थनाच थांबलेली बहीण असते. आल्या आल्या त्यांच्या गळ्यात आणखी एक काम मारू नकोस. कुणाकडे पाहायचं ते आधी दाखव. मग आज्ञा सांग, आणि त्या सांगताना कचरू नकोस. रोमकरांस पत्रात अकरा अध्याय देवाची दया उलगडून झाल्यावरच पौल बाराव्यात शरीराचं अर्पण मागतो, पण मागतो हे नक्की.

यापुढे तू रूथचा चौथा अध्याय घे. वेशीत जोडा काढून देणाऱ्या त्या जवळच्या नातलगाला आधी समजून घे. शेत त्याला हवं होतं, पण रूथला पत्करून स्वतःच्या वतनाला धक्का नको होता. त्याच्यानंतरचा नातलग बवाज, यानं दोन्ही पत्करली. मग मत्तय 1 मधल्या वंशावळीत या मवाबी बाईचं नाव का आलं, त्यावर दोन पानं लिहून पाठव. कच्ची असली तरी चालतील.

तुझी,
आत्या