बिबट्याच कळ दाबतो!

२००८ साली जपानमध्ये 'आफ्रिका' नावाचा एक व्हिडिओ गेम निघाला. त्यात बंदूक नाही. कॅमेरा घेऊन रानात फिरायचे आणि वन्य प्राण्यांची छायाचित्रे टिपायची. चूक झालीच, तर खेळ पुन्हा सुरू करायचा.

बेल्ह्याच्या शिवारात अशी सोय नाही. जुन्नर तालुक्यात उसाच्या फडात बिबटे राहतात, पिल्ले वाढवतात. त्यांच्या हल्ल्यांत माणसेही दगावली आहेत. मग त्यांची छायाचित्रे घ्यायची कोणी? हे काम बिबट्याच करतो! वाटेवरच्या झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्याची कळ त्याच्या अंगातील उष्णतेने दाबली जाते. ती कशी, ते पाहू.

प्रत्येक उष्ण वस्तू अवरक्त किरण बाहेर टाकते. २८९८ या संख्येला वस्तूच्या केल्व्हिनमधील तापमानाने भागले, की सर्वांत प्रखर किरणांची तरंगलांबी मायक्रोमीटरमध्ये मिळते. हा वीनचा नियम. बिबट्याच्या कातडीचे तापमान ३० अंश सेल्सिअस, म्हणजे ३०३ केल्व्हिन धरा. उत्तर येते सुमारे ९.६. आपल्या डोळ्यांना ०.४ ते ०.७ मायक्रोमीटरचाच प्रकाश दिसतो.

कॅमेऱ्यातील एका खास स्फटिकाचे तापमान बदलले, की त्यावर विद्युतभार निर्माण होतो. त्याचे दोन तुकडे परस्परविरुद्ध जोडलेले असतात. उन्हाने दोन्ही सारखेच तापले, तर परिणाम शून्य. बिबट्या आडवा गेला, की आधी एक तापतो, मग दुसरा. विद्युत संकेत मिळतो आणि छायाचित्र निघते. उन्हाळ्यातील दुपारी जमीन कातडीइतकीच तापली, तर मात्र ही युक्ती फसते. वाऱ्याने हलणारी तापलेली पानेही कॅमेऱ्याला चकवतात.

रात्रीचे छायाचित्र बिबट्याच्या उष्णतेने उमटते, असा समज करून घेऊ नका. ९.६ मायक्रोमीटरचे किरण काचेच्या भिंगातून पलीकडे जातच नाहीत. कॅमेऱ्यातील छोटे दिवे सुमारे ०.९ मायक्रोमीटरचे अवरक्त किरण सोडतात. ते परावर्तित होऊन काळेपांढरे चित्र बनते.

प्रत्येक बिबट्याच्या ठिपक्यांची नक्षी वेगळी असते. डाव्या व उजव्या कुशीवरची नक्षीही निराळी, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी असेच कॅमेरे लावले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, दाट वस्तीच्या त्या शेतीभागात १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे होते. बिबटे किती, कोणत्या वाटेने आणि किती वाजता जातात, हे कळले, तर माणसांना सावध राहता येते. म्हणून मोबाइल घेऊन फडाकडे जाऊ नका. ते काम कॅमेऱ्यावर सोपवा.

तुम्ही घरी हा प्रयोग करा. अंधाऱ्या खोलीत टीव्हीच्या रिमोटचे बटण दाबा आणि त्याच्या टोकाकडे मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून पाहा. पडद्यावर बहुधा जांभळट ठिपका लुकलुकेल. नुसत्या डोळ्यांना तो का दिसत नाही, ते आता तुम्हीच सांगा.