नेमबाजीची बंदूक आणि नळीची लांबी

'नळी जितकी लांब, तितका नेम अचूक', अशी समजूत पुष्कळांच्या मनात असते. आमच्याही मनात ती होती आणि तिचा त्रास आमच्या एका विद्यार्थिनीला भोगावा लागला. सरावासाठी दोन बंदुका उपलब्ध असताना आम्ही तिला मुद्दाम लांब नळीची दिली. मुलगी अंगाने किरकोळ. उभ्याने नेम धरताच नळीचे टोक खाली झुके, हात थरथरे. महिनाभर ती स्वतःलाच दोष देत राहिली. पुढे आखूड नळीची बंदूक हाती येताच तिच्या गोळ्या मध्याजवळ पडू लागल्या. दोष मुलीचा नव्हता, आमच्या समजुतीचा होता. म्हणून या विषयाचा थोडा शास्त्रीय विचार येथे करू.

एन.सी.सी.च्या छात्रांना परिचित असलेली पॉइंट टू-टू रायफल घ्या. हिच्या काडतुसाच्या तळाच्या कडेत पेट घेणारे द्रव्य असते. कडेवर आघात होताच ते पेटते, म्हणून या काडतुसास रिमफायर म्हणतात. ऑलिंपिकमधील ५० मीटर रायफलची स्पर्धाही याच काडतुसाने होते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे जागतिक अजिंक्यपद मिळविले आणि त्याच जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक पटकाविले, ते याच अंतरावरील नेमबाजीत.

आता पहिला प्रश्न वेगाचा. या काडतुसातील गोळी सुमारे २.६ ग्रॅम वजनाची, तर दारू एक दशांश ग्रॅमहूनही कमी. एवढीशी दारू नळीच्या पहिल्या ४० ते ४५ सेंटिमीटरांतच आपले बहुतेक काम उरकते. त्यापुढे वायूचा दाब घटत जातो, घर्षण मात्र चालूच राहते. त्यामुळे नळी आणखी लांबविल्याने वेगात म्हणण्यासारखी भर पडत नाही, उलट तो किंचित घटूही शकतो. शिवाय स्पर्धेच्या काडतुसांचा वेग ध्वनीच्या वेगाहून थोडा कमीच ठेवलेला असतो. सारांश, वेगासाठी लांब नळी घेण्यात अर्थ नाही.

मग लांबीचा लाभ कोठे? तो नेमाच्या रेषेत. डोळ्याजवळचे छिद्र व नळीच्या टोकावरील माशी यांमधील अंतर जितके अधिक, तितकी नेमातील चूक लहान. समरूप त्रिकोणांचे गणित येथे लावून पाहा. हे अंतर ७५ सेंटिमीटर असून माशी ०.१ मिलिमीटर सरकली, तर ५० मीटरवर गोळी सुमारे ६.७ मिलिमीटर बाजूला जाईल. अंतर १०० सेंटिमीटर असेल, तर ५ मिलिमीटरच. लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या फरकाचे मोल कळते. मात्र बंदुकीवर दुर्बीण बसविली असेल, तर हा लाभ उरत नाही.

लांबीचे तोटेही पाठ्यपुस्तकातील नियमांनीच समजतात. तरफेच्या नियमाप्रमाणे खांद्यापासून दूर असलेले वजन अधिक जड भासते. तसेच एका टोकाला पक्क्या धरलेल्या दांड्याच्या दुसऱ्या टोकावर भार दिला, तर त्याचा झुकाव लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी तीच ठेवून ५० सेंटिमीटरची नळी ६५ सेंटिमीटरची केली, तर हा झुकाव जवळजवळ २.२ पट होईल. म्हणजे आखूड नळी अधिक ताठ. तथापि पुढे थोडे वजन असणे सर्वस्वी वाईट नव्हे. सशक्त नेमबाजाच्या हाती ते नळीचे हेलकावे मंदावते.

कारागिरांनी यातून एक सुंदर तोड काढली. आटे असलेली खरी नळी आखूड ठेवावयाची, तिच्या तोंडापुढे हलकी, पोकळ नळकांडी जोडावयाची आणि माशी तिच्या टोकावर बसवावयाची. गोळी या नळकांडीला स्पर्श न करता निघून जाते. नळी ताठ राहते, वजन मर्यादेत राहते आणि नेमाची रेषाही लांब मिळते.

तेव्हा निवड कशी करावी? प्रथम बंदूक खांद्याला लावून उभे राहावे आणि हात किती वेळ स्थिर राहतो ते पाहावे. मग माशी डोळ्याला स्वच्छ दिसते की नाही, हे तपासावे. शेवटी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली बंदूक टेकवून, एकाच जातीच्या काडतुसांनी दहा गोळ्या झाडाव्यात व त्या किती जवळजवळ पडतात ते मोजावे. कागदावरील छिद्रे कोणाची भीड धरीत नाहीत.

आमची ती विद्यार्थिनी आता धाकट्या मुलांना शिकविते. ती त्यांच्या हाती बंदूक देण्यापूर्वी त्यांचे खांदे पाहते. हे आम्हांस आधीच सुचावयास हवे होते.